काटा दिसतो, सेन्सर दिसत नाही

डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा बहुतेक गाड्यांत साधारण ०.३ ते ०.५ बार दाबाला लागतो. इंजिन ४००० आरपीएमवर फिरतंय, तिथे ऑइलचा दाब तीन-चार बार हवा, तो घसरून एक बारवर आलाय, तरी दिवा विझलेलाच. तो लागेपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कंपनीने यात लबाडी केलेली नाही. तो स्विच दाब आहे की नाही एवढंच सांगायला बसवलाय. तापमानाच्या काट्याचीही तीच तऱ्हा. ज्या गाड्यांत तो आहे, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत तो ७५-८० अंशांपासून १०५ च्या आसपासपर्यंत मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, कारण काटा जरा हलला की गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहतं. अनेक लहान गाड्यांत तर काटाच नाही. थंड इंजिनाला निळा दिवा, तापलेल्याला लाल, मधल्या सगळ्यासाठी अंधार.

गाडी जशी आली तशीच चालवायची असेल तर हे चालून जातं. पण रिमॅप केलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं, बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवला, ती हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर टाकला, जुन्या पेट्रोल इंजिनाला टर्बो लावला, की कंपनीने सुरक्षेसाठी सोडलेली ऐसपैस जागा आपण खर्च करायला लागतो. किती खर्चली आणि किती उरली, हे सांगायला गाडीत कुणी नसतं. गंमत म्हणजे शेतातल्या ट्रॅक्टरला ऑइल प्रेशरचा काटा असतो, पाण्याचा काटा असतो, इंजिन किती तास चाललं त्याचंही मीटर असतं, आणि नांगरटीला बसलेला माणूस त्या काट्यांकडे नजर टाकत असतो. तोच माणूस समृद्धीवर १२० ने स्विफ्ट हाकतो तेव्हा त्याच्यापुढे वेग, आरपीएम आणि डिझेल, एवढेच काटे.

म्हणून वरून जादा मीटर लावायचे. पण कुठले, याचं उत्तर सहसा चुकीच्या टोकाकडून शोधलं जातं. आधी डायल आवडते, मग तिचा रंग ठरतो, मग ए-पिलरवर, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर, डायल बसवायचा तीन खाचांचा पॉड येतो, आणि सगळ्यात शेवटी, गाडी गॅरेजमध्ये बोनेट उघडून उभी असताना, सेन्सर कुठे बसवायचा याचा विचार सुरू होतो. क्रम नेमका उलटा हवा. काटा काय दाखवतो? सेन्सरचं टोक ज्या जागी बुडलंय तिथली परिस्थिती, बस्स. ती जागा चुकली तर चांगल्यातली चांगली डायलही दिवसभर आत्मविश्वासाने चुकीचं सांगत राहते, आणि नसलेल्या काट्यापेक्षा चुकीचा काटा जास्त महागात पडतो.

इंजिनानुसार प्रश्न बदलतात. रिमॅप केलेल्या टर्बो डिझेलला बूस्ट आणि एक्झॉस्ट गॅसचं तापमान. टर्बो लावलेल्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण, मग ऑइल प्रेशर. टर्बो नसलेल्या, पण उंच आरपीएमवर पिळल्या जाणाऱ्या जुन्या झेन-एस्टीमला ऑइल प्रेशर आणि ऑइलचं तापमान, हे दोन्ही. व्होल्टमीटरवर एका ५२ मिमी डायलची जागा घालवू नका. इंजिन बंद असताना १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हे पाहायला चार्जिंग सॉकेटमधला छोटा आकडा पुरतो. तीनपेक्षा जास्त काटे लावले की माणूस एकाकडेही धड पाहत नाही, हे माझं मत. आणि कुणी विचारलंच की सगळ्यात पहिलं मीटर कुठलं, तर उन्हाळ्यात लांबच्या पल्ल्याला निघणाऱ्या गाडीला टायरच्या हवेचं. पण ते पुन्हा कधी.

ऑइल प्रेशरवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आधी जोडी. सेन्सर आणि डायल एकाच जातीचे हवेत. व्हीडीओ (VDO, मीटर बनवणारी जर्मन कंपनी) पद्धतीचा प्रेशर सेन्सर शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम दाखवतो. अमेरिकन पद्धतीचा बरोबर उलटा: शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकाची डायल आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर इंजिन बंद असताना काटा टोकाला जाऊन बसतो, आणि सुरू केलं की खाली येतो. हे निदान लगेच लक्षात तरी येतं. ५ बारचा सेन्सर १० बारच्या डायलला जोडला तर ते लक्षात येत नाही: काटा नीट वागतो, फक्त प्रत्येक आकडा दुप्पट सांगतो. सेन्सरच्या षटकोनावर किंवा अंगावर त्याची मर्यादा कोरलेली असते, ती वाचून घ्यावी. जुन्या बाजारातून सुटा सेन्सर आणणाऱ्यांनी तर मल्टिमीटर सोबतच न्यावा.

मग आटे. परदेशी बनावटीच्या बऱ्याच मीटरसोबत येणाऱ्या सेन्सरला १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे पाइपचे, आटे असतात. जपानी घराण्याच्या इंजिनांत, म्हणजे मारुतीही आलीच, ऑइल स्विचच्या भोकाला बहुतेकदा १/८ बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश मापाचे, निमुळते आटे असतात. युरोपीय इंजिनांत एम१० × १ वारंवार भेटतो. पहिल्या दोघांचा व्यास जवळजवळ सारखाच. पण एनपीटीला इंचात २७ आटे आणि त्यांचा कोन ६० अंशांचा, बीएसपीला इंचात २८ आणि कोन ५५ अंशांचा. त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे अगदी गोडीने जातो आणि मग अडतो. ‘बसला’ असं समजून पाना लावला की ब्लॉकच्या ॲल्युमिनियमचे आटे सोलले जातात, किंवा महिनाभराने तिथून ऑइल पाझरायला लागतं. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पितळी निपल, टी, बुश सगळ्या बीएसपीच्या, कारण नळाची सगळी कामं त्याच आट्यांवर चालतात. दुकानदार ‘वन बाय एट’ म्हणून हातात देतो तो बीएसपी, एनपीटी नव्हे.

इथे मराठवाड्याची एक सोय कामाला येते. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून, शेंद्र्याला स्कोडा. त्यांच्यामागे सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत चांगला लेथवाला शोधणं अवघड नाही. एका बाजूला १/८ बीएसपी बाहेरचे आटे, दुसऱ्या बाजूला १/८ एनपीटी आतले, एवढा ॲडॅप्टर तो पितळेत किंवा माइल्ड स्टीलमध्ये फिरवून देतो. सेन्सर आणि गाडीचा मूळ स्विच, दोन्ही सोबत न्यावेत, तोंडी सांगू नये. आणि स्टीलच मागावं. पितळ फिरवायला सोपं म्हणून लेथवाला तेच सुचवतो, पण पुढचा मुद्दा वाचला की स्टील का ते कळेल.

व्हीडीओ पद्धतीचा प्रेशर सेन्सर म्हणजे चांगला जाड डबा. तो टीवर, टी निपलवर, निपल ब्लॉकमध्ये, असा लोंबता बसवला की इंजिनाच्या प्रत्येक थरथरीला ती निपल वाकते आणि सरळ होते. काही हजार किलोमीटरनंतर पितळ आट्याच्या मुळाशी तडकतं. मग चार बार दाबाने इंजिनातलं सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर, आणि सेन्सर तुटून गेल्यामुळे डायलवर काय दिसेल त्याचाही भरवसा नाही. म्हणून नियम असा: ब्लॉकवर फक्त एक छोटा ॲडॅप्टर, त्यापुढे ३० ते ४५ सेंटीमीटरची होज, आणि टी, डबा, मूळ स्विच हे सगळं फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) किंवा इनर फेंडरवर क्लॅम्पने पक्कं. ही होज जेसीबी-पोकलेनच्या होज करून देणाऱ्या दुकानात हव्या त्या लांबीची, हव्या त्या आट्याची क्रिम्प करून मिळते. नेहमीची हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतची असते. जास्त तापमान सोसणारी मागावी आणि एक्झॉस्टपासून हातभर दूर न्यावी. मूळ स्विच काढून फेकू नका. काटा बिघडला तर तो लाल दिवा हीच शेवटची राखण.

ऑइलची पातळ नळी थेट केबिनमध्ये आणणारे यांत्रिक मीटर अजून विकले जातात, दिसतातही देखणे. रस्त्यावरच्या गाडीत ते नकोतच. नायलॉनची नळी कधीतरी उन्हाने कडक होते आणि फेरुलपाशी सुटते. मग शंभर अंशांचं ऑइल चालवणाऱ्याच्या पायावर.

होज लावली की सेन्सरचा इंजिनाशी धातूचा संबंध तुटतो, आणि एका वायरीचा सेन्सर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट, घेतो तो स्वतःच्या अंगातूनच. त्यामुळे क्लॅम्पखाली रंग खरवडून, नाहीतर सेन्सरच्या अंगावर लग बसवून वेगळी अर्थ वायर इंजिन ब्लॉकवर न्यावी. सेन्सरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर एक ओहमपेक्षा कमी दाखवायला हवा. टेफ्लॉन टेप मारताना पहिले दोन आटे मोकळे सोडावेत, नाहीतर टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत जातो. आणि टेपचा थर जाड झाला तर अर्थच तुटतो. द्रव थ्रेड सीलंट जास्त बरा.

आता अर्थ ठीक आहे की नाही हे ओळखायची एक युक्ती, जी कुठल्याही एका वायरीच्या सेन्सरला चालते. इंजिन आयडलवर, काटा स्थिर. हेडलाइट लावा, एसीचा ब्लोअर पूर्ण करा. काटा हलला तर तो ऑइलचा दाब नाही, अर्थिंगचा दोष आहे. डायलचा अर्थ डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर आणि सेन्सरचा इंजिनावर. मधल्या वाटेत लोड वाढला की दशांश-दोन दशांश व्होल्टचा फरक पडतो आणि तेवढ्याने काटा पाच-दहा टक्के सरकतो. उपाय: इंजिन ते बॉडी एक जाड अर्थ पट्टा नवा टाकणे. जुन्या गाड्यांत निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

दाब वाचायचा कसा? प्रत्येक १००० आरपीएमला ढोबळ १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना अंदाज अजून उपयोगी आहे. पण परभणीत जानेवारीच्या पहाटे गाडी सुरू केली तर थंड ऑइल पाच-सहा बार दाखवतं, आणि तीच गाडी मे महिन्यात दुपारी सिग्नलला एक बारवर येते. दोन्ही बरोबर. म्हणून ऑइलचं तापमान सोबत नसेल तर दाबाच्या काट्यावरून फारसं काही ठरवता येत नाही. ९५ अंशांना, ३००० आरपीएमवर दाब किती, हा एक आकडा गाडी चांगली असताना वहीत लिहून ठेवायचा. पुढे कधी त्याच तापमानाला, त्याच आरपीएमवर तो अर्ध्या बारने खाली आला तर ऑइल पातळ झालंय, पंप दमलाय किंवा बेअरिंग सैल झालंय. वहीतला आकडा नसेल तर घसरण कुणाला कळणार?

तापमानाचा सेन्सर कुठे? सोपी जागा म्हणजे सम्पचा, इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, प्लग, पुष्कळ गाड्यांत एम१४ × १.५. पण तो खाली लोंबतो, आणि आपल्याकडे गावाच्या वेशीपाशी गतिरोधक किती उंच करायचा याला काही हिशेब नसतो. गाडी लोअर केलेली असेल तर पहिला फटका त्यालाच. ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट चांगली: दाब आणि तापमान दोन्हींची भोकं तिच्यातच असतात. घेताना फिल्टरचे आटे मोजा, एम२० × १.५ की ३/४ इंच १६ आट्यांचे, कारण दोन्ही सर्रास आहेत. डबा-फिल्टरऐवजी कागदी कार्ट्रिज असलेल्या इंजिनाला, स्विफ्टच्या १.३ डिझेलसारख्या, ही प्लेट बसत नाही. तिथे सम्पला बंग, म्हणजे आतून आटे असलेली बैठक, वेल्ड करणं आलं, आणि ते वरच्या बाजूला, मागे, जिथे दगड पोचत नाही. ९० ते ११० अंश हे निरोगी तापमान. समृद्धीवर तासभर सलग वेग धरला की १२० दिसू शकतं, चांगलं सिंथेटिक ऑइल ते सोसतं. १३० दिसलं की पाय उचला.

पाण्याच्या तापमानाला लोक रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा बसवतात. काम अर्ध्या तासाचं. त्याचे तीन दोष मात्र माहीत असावेत. होज रबराची, म्हणून तुकड्याला अर्थ नाही. वेगळी वायर हवी. तो थर्मोस्टॅटच्या पुढे बसतो, म्हणून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा झोपलेला. आणि सगळ्यात वाईट: पाणी गळून गेलं की सेन्सरभोवती हवा उरते, आणि काटा चढायचा सोडून खाली येतो. इंजिन शिजत असताना डायल सांगते सगळं थंड. सिलिंडर हेडला मोकळी जागा असेल तर सेन्सर तिथे. हेही सांगायला हवं की रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची आपली सवय सेन्सरवर क्षाराचा थर चढवते आणि काटा सुस्त होतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, आणि झाकण चांगलं. झाकणाचा दाब टिकत नसेल तर नुसतं पाणी संभाजीनगरच्या उंचीवर ९८ अंशांनाच उकळतं, मग मीटर कितीही खरा असो.

बूस्टला वाट कुठून काढायची हा डिझेलवाल्यांचा नेहमीचा प्रश्न. वेस्टगेटच्या (टर्बोचा बूस्ट आवरणारी झडप) नळीतून नको, कारण सोलेनॉइडच्या पुढे तिथे ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, कापलेला दाब असतो. व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांच्या, टर्बोच्या ॲक्च्युएटरला जाणारी नळी तर बहुधा व्हॅक्युमची, तिचा बूस्टशी संबंध नाही. ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्युम नळीला कधीही हात लावू नका. डिझेलला ते व्हॅक्युम पंपातून येतं. तिथे टी टाकून ती गळली तर ब्रेक दगडासारखा कडक. योग्य जागा म्हणजे इंटरकूलरनंतर, इनटेक मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगतच्या पाइपवर १/८ ची निपल, त्यावर ४ मिमी आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी, दोन्ही टोकांना क्लॅम्प. काटा फार थरथरत असेल तर नळीत बारीक भोकाचा अडथळा टाकतात.

त्याहून बरा, स्वतःचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेला इलेक्ट्रॉनिक मीटर: नळी बोनेटखालीच संपते, केबिनमध्ये फक्त वायर येते. ३ बारचा मॅप सेन्सर म्हणजे हवेच्या दाबासकट ३, बूस्ट त्यातून साधारण २ बारच मोजता येतो, हे घेताना लक्षात ठेवा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, तिथे हवेचा दाब सुमारे ०.९५ बार. काही मीटर समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरून वजा करतात, ते बंद इंजिनावर शून्याऐवजी उणे ०.०६-०.०७ दाखवतात. बिघाड नाही तो. चांगला मीटर किल्ली फिरवताच हवेचा दाब वाचून शून्य ठरवतो. कन्नडचा औट्रम घाट तिसऱ्या गिअरला चढताना बूस्ट जिथे टिकतो तो आकडाही वहीत जावा. नंतर तोच घाट, तोच गिअर, आणि काटा ०.२ ने कमी, तर इंटरकूलरची होज तपासा.

पेट्रोलच्या वाइडबँडबद्दल, म्हणजे एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणाऱ्या मीटरबद्दल, एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. डायलवर १४.७ दिसलं की लोक समाधानी. पण सेन्सर मोजतो ते लॅम्डा, म्हणजे मिळालेली हवा लागणाऱ्या हवेच्या किती पट, आणि मीटर त्याला शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. आज पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे. त्याचं खरं संतुलित प्रमाण साडेतेराच्या आसपास. म्हणजे डायलवरचा १४.७ आकडा नावाचा, मिश्रण मात्र बरोबर संतुलित. गोंधळ टाळायचा तर मीटर लॅम्डावर ठेवा. १.० म्हणजे संतुलन, पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.८५, इंधन कुठलंही असो, ते इथल्या उसाचं का असेना. सेन्सर बहुधा बॉशचा एलएसयू ४.९, आटे एम१८ × १.५. टर्बोपासून दोन-तीन फूट पुढे, आणि घड्याळात दहा ते दोनच्या मधल्या कोनात, टोक खाली. आडवा किंवा खालून लावला तर एक्झॉस्टमधलं पाणी त्याच्यावर साचतं आणि तापलेली सिरॅमिक तडकते. वायर तोडून सेन्सर एक्झॉस्टमध्ये तसाच ठेवला तरी तो मरतो. हीटर बंद असला की काजळी बसते. नको असेल तेव्हा काढून तिथे प्लग लावा.

डिझेलच्या एक्झॉस्ट तापमानाला के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाचा सेन्सर. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर. टर्बोनंतर लावला तर १०० ते १५० अंश कमी दिसतं, कधी त्याहूनही जास्त फरक, आणि तो लोडप्रमाणे बदलतो. मॅनिफोल्डला भोक पाडायचं तर तो उतरवूनच. जागेवर ड्रिल मारून ‘ग्रीस लावून कीस पकडतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नाही म्हणा. एक कण टर्बाइनच्या पात्यांना पुरतो. वायर कमी पडली तर साधी तांब्याची वायर जोडू नका. जोड बोनेटखाली ८० अंशांत आणि डायल केबिनमध्ये ३० अंशांत असेल तर काटा सरळ ५० अंश कमी सांगेल. के-टाइपचीच वाढीव वायर लागते. अमेरिकन रंगांत पिवळी प्लस आणि लाल मायनस; लाल म्हणजे प्लस या हाताच्या सवयीने उलटी जोडली तर इंजिन तापताना काटा खाली जातो. सलग ७०० अंशांच्या पुढे नेऊ नये.

ज्यांना हे सगळं नको, त्यांना गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे देणारं ओबीडी सॉकेट आहेच. पाणी, बूस्ट, इनटेकचं तापमान फुकटात दिसतं. ऑइलचा दाब नाही, कारण बहुतेक गाड्यांत त्याचा सेन्सरच नसतो. आणि १६ क्रमांकाची पिन कायम चालू, म्हणून पंधरा दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

आता डायल. ५२ किंवा ६० मिमी, ५२ पुरतात. पांढरे आकडे, काळी पार्श्वभूमी, ठळक काटा, वर छोटी झाकण-पट्टी. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७०-८० अंशांपर्यंत तापतो. स्वस्त एलसीडी त्यात काळा पडतो, आणि दुपारच्या उन्हात तसाही वाचता येत नाही. पोलराइज्ड गॉगल लावला तर तेवढाही दिसत नाही. एसीच्या झरोक्यात बसणारे पॉड दिसायला सगळ्यात नीटनेटके, पण बीड-नांदेडच्या उन्हाळ्यात एसीचा एक झरोका बुजवून त्यात बूस्ट मीटर बसवणाऱ्याला घरचे विचारतीलच. ए-पिलर उत्तम, एका अटीवर: तिथे एअरबॅगची खूण असेल तर त्या ट्रिमला स्क्रू लावू नये. कर्टन एअरबॅग त्याच वाटेने उघडते आणि पॉड डोक्यावर येतो. डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावरही काही चिकटवू नये. मग उरतं ते स्टिअरिंग कॉलमच्या मागे किंवा डॅशबोर्डचा उजवा कोपरा. चिकटवायचं तर फोमची दुहेरी टेप चालत नाही, उन्हाळ्यात पॉड घसरून मांडीवर येतो. ॲक्रिलिक व्हीएचबी टेप, आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, आणि २४ तास त्यावर भार नाही.

पॉडचं भोक ५२ च्या होल सॉने पाडून कानशीने दोन-चार वेळा घासावं; ५४ चं पाडलं तर डायल खुळखुळते. मागची यू-क्लॅम्प बोटांनी घट्ट, पाना लावला की प्लास्टिक तडकतं. बसवताना डायल फिरवून घ्या, इतकी की नेहमीच्या चालीला काटा सरळ वर, बाराकडे असेल. आकडे तिरके दिसतील, दिसू द्या. तीन काटे वर आहेत हे नजर न रोखताही कळतं, आणि एक जरी कलला तर तोच आधी दिसतो.

वायरिंगला सिग्नलसाठी ०.५ आणि सप्लायसाठी ०.७५ चौरस मिमी वायर, प्रत्येकी पाच मीटर, पुरे. सप्लाय इग्निशनच्या फ्यूजवरून फ्यूज टॅपने, डायलना मिळून ३ ॲम्पिअर; वाइडबँडचा हीटर भुकेला, त्याला त्याच्या पुस्तकात लिहिलेला वेगळा फ्यूज. फायरवॉलला नवं भोक पाडण्याआधी क्लच केबल किंवा बोनेट केबलचा ग्रॉमेट बघा, त्याच्या कडेने बारीक वाट निघते. पाडावंच लागलं तर कडेला रंग आणि रबरी ग्रॉमेट. उघड्या पत्र्यावर वायर सहा महिन्यांत सोलते. वायरी वळून जोडून वर टेप नको: क्रिम्प, श्रिंक ट्यूब, मग जाळीदार स्लीव्ह. पावसाळ्यात गोठ्याशेजारी उभ्या गाडीत उंदीर कशालाच जुमानत नाहीत, ते वेगळं.

गाडी बाहेर काढण्याआधी मीटर खोटं बोलत नाही ना, हे घरीच तपासता येतं. व्हीडीओच्या १२० अंशी तापमान सेन्सरला १०० अंशांना सुमारे ३८ ओहम असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ३९ ओहमचा रेझिस्टर आणून सेन्सरच्या जागी, वायर आणि अर्थ यांच्यात लावा. काटा शंभराला टेकला तर डायल आणि वायरिंग दोन्ही ठीक. मग सेन्सर उकळत्या पाण्यात सोडा. ९८ दाखवेल, त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका. बूस्टच्या मीटरला पंक्चरवाल्याच्या पंपाच्या आकड्याशी ताडून पाहता येतं, पण इलेक्ट्रॉनिक सेन्सरला त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त हवा देऊ नये.

इशाऱ्याचे आकडे लगेच भरा, कारण घाटात समोर ट्रक असताना कुणी डायल वाचत नाही. पाणी १०५, ऑइल १३०, ऑइल प्रेशरला आयडलच्या गरम आकड्याच्या थोडं खाली. आरपीएमशी जोडता येणारा मीटर असेल तर २५०० च्या वर दीड बार. बझर कानाला कर्कश वाटेल असाच हवा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ओलसर आटा तेव्हाच सापडतो. त्यानंतर प्रत्येक ऑइल बदलाला अर्थच्या लगचा नट एकदा पान्याने तपासून घ्यायचा.